घोडीचा एक पांढरा पाय

घोड्याचा रंग बघून त्याचा स्वभाव सांगणारी माणसं माझ्या लहानपणी वसईत पैशाला पासरी मिळायची. ज्यांनी जन्मात कधी घोड्यापुढे चंदी ठेवली नाही, तीसुद्धा छातीठोकपणे सांगायची, की पांढरा घोडा शांत, काळा आतल्या गाठीचा आणि तांबडा तापट. घोडी असेल तर रंग विचारायचंही कारण नाही, ती लहरीच. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं, आणि अजून फिरतं. वयाबरोबर माणूस निवळतो म्हणतात. याबाबतीत मी निवळलेले नाही.

माझा बा वसई स्टेशन ते वसई गाव टांगा हाकायचा. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही मूळचे खाडीकाठचे, भातशेतीवाले. आमच्या खाचरांत खारं पाणी शिरलं तेव्हा बाने शेती सोडून टांगा धरला. होळी नावाच्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं कुडाचं घर होतं आणि घराला लागूनच माडाच्या झापांचा तबेला. घरात माणसं तीनच, बा, आई आणि मी. पहिला घोडा पांढरा होता, खच्ची केलेला, लोकांच्या मते अगदी देवमाणूस. हा देवमाणूस मला दोनदा चावला होता आणि एकदा त्याने बाच्या पायाचा अंगठा चिरडला होता. पण रंगाने पांढरा, म्हणून त्याच्या चावण्याला लोक खोडकरपणा म्हणत. तो म्हातारा होऊन मेला आणि बाने मुंबईहून ही घोडी आणली.

मुंबईत ती व्हिक्टोरिया बग्गीला जुंपलेली होती. अंगाने पिकल्या खजुराच्या रंगाची, आयाळ आणि शेपूट काळी, पायही गुडघ्याखाली काळे. या रंगाला कुमैत म्हणतात. फक्त मागचा डावा पाय खुरापासून वर वीतभर पांढरा होता. खाडी ओलांडताना हेलकावणाऱ्या तरीच्या होडीत ती डोळे अर्धवट मिटून उभी राहिली, असं बा कौतुकाने सांगायचा. ती घरी आली त्या दिवशी मी तिच्यापुढे केळीची सालं धरली. तिने एकेक साल ओठांनीच उचललं, माझ्या बोटांना दात लागू दिला नाही. मी सोळा वर्षांची होते. त्या दिवसापासून तिचं चारापाणी मी कोणाला करू दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कटकट सुरू झाली. आमचं बांधलेलं गिऱ्हाईक म्हणजे एक बागायतदार. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या होत्या त्याच्या. घरच्या माणसांना स्टेशनवर न्यायचं-आणायचं काम त्याने बाच्याकडे महिन्याच्या बोलीवर लावलं होतं, आणि त्याच्या शब्दावर आणखी चार घरं आमच्याकडे आली होती. माणूस वाईट नव्हता. सणाला आमच्याकडे केळ्यांचा घड पाठवायचा. तो घोडीभोवती एक फेरी मारून मागच्या पायांशी थांबला.

“तीन काळे आणि एक पांढरा?” तो म्हणाला. “असलं जनावर धन्याला खातं. त्यातून घोडी. माझ्या घरची माणसं हिच्या मागे बसायची नाहीत.”

“शेट, पाय काय बोलतो का कोनाशी?” बा हसत म्हणाला. “शांत हाय ती.”

“आज शांत आहे. हे मी नाही सांगत, शास्त्र सांगतं.”

बाने घरी येऊन हे सगळं नक्कल करून दाखवलं. “शास्त्र म्हने! घोडीच्या पायाला शास्त्र लागतं, नि याच्या वाडीत रहाट ओढनाऱ्या रेड्याला नाय लागत?” आम्ही तिघंही हसलो. पण नुसतं हसून चूल पेटत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

आमच्या आळीतल्या केस पिकलेल्या बायका हिरडा आणि हिराकस लोखंडी कढईत उकळून केसांना लावायच्या. तो काळा रंग चांगला धरतो. ही युक्ती बाला सुचली. आईने कढई चढवली आणि संध्याकाळी बाने घोडीचा पांढरा पाय काळा करून टाकला. रंग मुरावा म्हणून वरून फडकं गुंडाळलं आणि सुतळीने आवळलं. सकाळी चारी पाय एकसारखे. मग दोन-चार दिवस जाऊ देऊन बाने बागायतदाराला सांगितलं, की ती घोडी परत केली आणि त्याच तबेल्यातून ही दुसरी आणली. तो पुन्हा फेरी मारून आला आणि खूश झाला. “हिच्या डोळ्यांतच बघ किती समज आहे,” म्हणाला. “त्या पहिलीची नजरच खुनशी होती.”

त्या दिवशी बा खोकला लागेपर्यंत हसला. मीही हसले.

उन्हाळा तसा बरा गेला. पुढे पाऊस लागला आणि रंग टिकेना. स्टेशनच्या रस्त्यावर चिखल आणि खाऱ्या पाण्याची डबकी, घोडी संध्याकाळी घरी यायची तेव्हा पायाचा पांढरेपणा डोकावू लागलेला असायचा. आई आधी आठवड्याला कढई चढवायची ती दिवसाआड चढवू लागली, आणि रंग पक्का व्हावा म्हणून हिराकसही वाढवू लागली. भाताच्या लावणीत बायकांच्या पायांना चिखल्या होतात, तसा तो पाय आतून चिरत गेला. त्या चिरांवर हिराकस, त्यावर आवळलेलं फडकं. वरून सगळं काळंच, त्यामुळे डोळ्यांना काही दिसायचं नाही. पण वास यायचा. चार पायांपैकी त्या एकाच पायावर माश्या बसायच्या. घोडी उभ्या उभ्या तो खूर आपटायची आणि कोणी मागे गेलं की अंग चोरायची.

मी बाला सांगितलं. त्यालाही ते कळलं होतं, जनावरात वावरलेला माणूस तो.

“चार दिस उघडा ठेवा नं पाय,” आई म्हणाली. “हवा लागू द्या.”

“चार दिस पांढरा पाय रस्त्यावर दिसला का शेटला कललं, आपन त्याला फसवलं ते. मग शेट नाय, नि त्याची चार घरं पन नाय.”

त्याचं खोटं नव्हतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. त्याने जखमेला खोबरेल लावलं आणि त्यावर पुन्हा रंग लावला. तेलावर रंग बसेना, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून तेल बंद झालं.

घोडी आता जुंपून घेताना मान फेकायची. चढावर अडायची. एकदा तिने टांग्याच्या फळीवर लाथ झाडली. लोकांना तर बोलायला निमित्तच हवं होतं. खुद्द बागायतदार म्हणाला, “रंग चांगला, पाय चांगले, पण शेवटी घोडी ती घोडीच.” म्हणजे पाय झाकला तर जात पुढे आली. जनावराला काही दुखत असेल, हे एकाच्याही मनात आलं नाही. लहरी म्हटलं की वाकून बघायला नको.

मग बाजारात ते झालं. मासळीवालीची पाटी गर्दीत घोडीच्या मागच्या पायाला घासली. घोडी दोन पायांवर उभी राहिली, टांगा मागे कलला आणि आतली म्हातारी घसरून चिखलात पडली. म्हातारीला फार लागलं नाही. पण बाने चाबूक उलटा धरून दांड्याने घोडीला भर बाजारात मारलं. आजवर त्याने जनावरावर हात टाकलेला मी पाहिला नव्हता. त्या पांढऱ्याने अंगठा चिरडला तेव्हासुद्धा नाही.

जेवताना तो एकदम म्हणाला, “लोक खोटं नाय बोलत. पाय झाकला म्हनून त्याचा गुन जातो का?”

मला वाटलं तो थट्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो भ्यायला होता.

“बा, पायात पू झालाय तिच्या,” मी म्हणाले. “तू रंग लावतोस म्हनून झालाय.”

“तू गप बस. तुला काय कलतं?”

मी भरल्या ताटावरून उठले. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल. शेटच्या शास्त्राची नक्कल करणारा माझा बा, आणि आपणच केलेल्या जखमेला तो आता अपशकुन म्हणत होता. त्या दिवसापासून तो घोडीशी बोलेनासा झाला. आधी जुंपताना तिच्या कानात काहीबाही पुटपुटायचा. आता रंग लावताना तिचा पाय दोरीने खांबाला बांधायचा आणि कामापुरता हात लावायचा.

श्रावणातली सकाळ होती. मी विहिरीवरून हंडा घेऊन येत होते. बा रंगाची वाटी घेऊन घोडीच्या मागे उकिडवा बसला होता. दोरी सैल होती की सुटली, ते कधी कळलं नाही. फडकं मांसाला चिकटलेलं होतं आणि त्याने ते ओढून काढलं. मला फक्त आवाज ऐकू आला. मी पोचले तेव्हा बा भिंतीला टेकून बसला होता, छातीवर हात धरून, आणि माझ्याकडे अगदी नवल वाटल्यासारखा बघत होता.

डॉक्टर येऊन गेले. आत रक्त साचलंय म्हणाले. बाने दोन दिवस काढले आणि गेला.

माणसं जमली. तबेल्यात सांडलेली वाटी तशीच पडली होती. घोडीचा पाय अर्धा काळा, अर्धा पांढरा. ज्याने त्याने तो पाहिला आणि मान हलवली. बागायतदार आला तो खरोखर रडत होता. फसवल्याचा राग त्याच्या तोंडावर कुठे नव्हता. “मला फसवलंस ते फसवलंस,” तो बाच्या प्रेताला म्हणाला, “पण स्वतःला कशाला फसवलंस रे?” बाहेर बायका कुजबुजत होत्या, धन्याला खातं म्हणतात ते असं.

मला ते सहन होईना. मी चुलीवरचं ऊन पाणी तांब्यात घेतलं आणि सगळ्यांच्या देखत तबेल्यात शिरले. तो पाय धुवायचा आणि आतलं मांस एकेकाला ओढून आणून दाखवायचं, असं मनात होतं. आई मागून आली आणि तिने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

“राहू दे.”

“आये, बघू दे लोकांना. सडलाय तिचा पाय.”

“पायच वाईट व्हता म्हन गो,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “रंग मीच उकलत व्हते ना?”

मी तबेल्याबाहेर आले.

त्यानंतर आई आल्यागेल्याला स्वतःहून सांगू लागली. त्या पायाने घात केला, पहिल्या दिवशीच शेट म्हणाले होते, आम्हीच ऐकलं नाही. सांगताना तिचे डोळे कोरडे असायचे. बा गेल्यापासून ती रडलीच नव्हती. घोडीला ती अवदसा म्हणायची, तिच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही. पाय धुणं, तेल घालणं मीच करत होते, पण जखम खोल होती. आईचा मला राग यायचा, आणि तिला त्या बोलण्याचा आधार हवा होता हेही कळायचं. दोन्ही एकाच वेळी सोसणं जड जायचं.

घोडी विकणं भाग होतं. पण वसईत तिला कोण घेणार? बाराव्यानंतर कोणीतरी रुळांपलीकडच्या वीटभट्टीवाल्याचं नाव काढलं. त्याला आमची हकिकत माहीत नव्हती. तो दुसऱ्या दिवशी घोडी बघायला येणार असा निरोप आला, आणि आईने दुपारी कढई चढवली.

“मी धरनार नाय तिला,” मी म्हणाले. “आये, तू पन जाऊ नको. मारील ती.”

आईने ऐकलं नाही. वाटी घेऊन ती तबेल्यात गेली आणि बा बसला होता तिथेच बसली. दोरी बांधली नाही, काही नाही. “मार,” ती घोडीला म्हणाली. “मला पन मार.” मी दारात उभी होते.

आईने तो पाय इतक्या जवळून आजवर पाहिलाच नव्हता. तिचा हात जरा थांबला. मग तिने रंगात चिंधी बुडवली आणि लावायला सुरुवात केली. उघड्या मांसावरून रंग ओघळत होता. घोडीच्या मांडीची कातडी थरथरत होती, कान मागे पडले होते, दात करकर वाजत होते. तिने मान खाली घातली आणि खूर जमिनीवर टेकवून ठेवला. आईने सगळा पाय काळा करीपर्यंत तिने तो हलवलासुद्धा नाही.

आईच्या हातातून चिंधी पडली.

“गरीब हाय गो ही,” ती म्हणाली. “किती गरीब हाय.”

आणि ती तिथेच, लिदीत बसून, काळ्या हातांनी तोंड झाकून मोठ्याने रडू लागली. तिचा तो आवाज ऐकून, घोडीने आता हिलाही मारलं असं समजून, शेजारचे लोक काठ्या घेऊन धावत आले.