बाहेर बसण्याचे दिवस

नवरा गेला, पण जाताना मला एचआयव्ही देऊन गेला. तेव्हापासून सक्करदऱ्याच्या घरात मी आणि सासूबाई, दोघीच. रोजची गोळी मी कधी चुकवली नाही. रक्ताचे रिपोर्ट चांगले यायचे आणि त्या जोरावर मी स्वतःला ठणठणीत समजून बसले होते.

आमच्याकडे पाळीत बाहेर बसावं लागतं. स्वयंपाकघर नाही, देवघर नाही, माठाला हात नाही. मला त्याची भारी चीड. यंदा तर पाळी संपते न संपते तोच पुन्हा डाग दिसायचा, की मी पुन्हा मागच्या खोलीत. वय झालं, असं म्हणून मी सोडून दिलं. एकटीने रांधून थकलेल्या सासूबाईंनी मात्र सोडलं नाही.

"घडीघडी काहून बाहेर बसून राहिली वं तू? डॉक्टरले दाखव."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला औषध लावलं, तर एक भाग पांढरा पडला. एचआयव्ही असलेल्या बाईच्या अंगात कॅन्सर करणारा दुसरा विषाणू सहज ठाण मांडून बसू शकतो, गोळ्या चालू असल्या तरी ही तपासणी वेगळी करावीच लागते, असं त्यांनी समजावलं. त्या भागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. भाजी निवडता निवडता हात थांबायचे. एका आजाराशी कसंबसं जमवून घेतलं होतं, आता दुसरा निघाला तर म्हाताऱ्या सासूबाईंना कोण बघणार?

कॅन्सर नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. डॉक्टरीणबाईंनी खराब भाग जाळून टाकला. काही आठवडे अंगावरून लालसर पाणी जाईल, म्हणाल्या, आणि तपासणी दरवर्षी करायची.

त्यातच महालक्ष्म्या आल्या. सगळा सोवळ्याचा स्वयंपाक. मी सवयीने मागच्या खोलीत चटई टाकली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे दुखणं होय, विटाळ नाही. ऊठ, पुरण वाट."

मी चटई गुंडाळली आणि पुरण वाटायला बसले.

पुढच्या पाळीला त्यांनी मला पुन्हा बाहेर बसवलं, आणि मीही पुन्हा कुरकुरले. पण ती पाळी थांबायला नेहमीपेक्षा एक दिवस जास्त लागला, तेव्हा आम्हा दोघींच्याही तोंडचं पाणी पळालं.