काकूंच्या फोनवर आईचं नाव

गावातल्या बायकांच्या गटासाठी मी वेबसाइट केली ती कॉलेजच्या प्रकल्पाच्या निमित्ताने. गटाच्या शेवया, कुरडया, मसाले पारनेरला आणि नगरला जायचे. कुणाकडे कोणती मागणी आली ते प्रत्येकीने साइटवर आपापल्या खात्यात लिहायचं, एवढंच. पण पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहीना. म्हणून मी ‘मेलने आत या’ असं बटण जोडलं. ओळख पटवायची ती मेलवाल्या कंपनीने. ती सांगेल त्या बाईला आमची साइट आत घेणार.

आईला ते पटलं नव्हतं. आपण कोण हे परक्या कंपनीला कशाला विचारायचं, असं तिचं म्हणणं. तरी बटण पहिल्यांदा तिनेच दाबलं आणि नाव भरलं.

मग शेजारच्या काकूंनी दाबलं. त्यांच्या फोनवर नमस्कार आला आणि पुढे आईचं नाव. खाली आईची सगळी गिऱ्हाइकं.

काकू रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. गटाच्या बैठकीत त्यांनी फोन सगळ्यांना दाखवला आणि शांतपणे म्हणाल्या, “तुमचं आमाला दिसतंय, वैनी. मग आमचं तुमाला दिसत आसंलच की. पोरगी घरचीच हाय.”

गटाच्या पैशांच्या पेटीची किल्ली पहिल्यापासून आईकडे असायची. ती कुणी मागितली नव्हती. आईनेच उठून ती काकूंच्या पुढ्यात ठेवली.

चूक माझ्या कोडमध्येच असणार, असं मी धरून चालले होते. कंपनीकडून येणारी ओळख तपासली, तर आई, काकू आणि आणखी काहीजणी, सगळ्यांची एकच. मग आईच्या फोनचं सेटिंग उघडलं. तिथला मेल आईचा नव्हताच. तो एसटी स्टँडवरच्या मोबाईलच्या दुकानाचा होता.

आमच्याकडे नवा फोन दुकानदारच चालू करून देतो. ज्यांना मेल नाही, त्यांच्या फोनमध्ये याने स्वतःचाच टाकला होता. विचारलं तर म्हणाला, “फोन चालू झाला ना ताई?” मग आईचे फोटो, नंबर त्यालाही दिसत असतील का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

बैठकीत मी सगळं सांगितलं. कितीजणींना खरं वाटलं, कोण जाणे. जुनं खातं पुसलं, दुकानाचा मेल काढला आणि प्रत्येकीला स्वतःचा मेल उघडायला बसवलं. काकूंनी फोनवर पदर धरून पासवर्ड टाकला. मी भिंतीकडे तोंड केलं, आई दारात जाऊन उभी राहिली.

या वेळी नमस्कारापुढे काकूंचंच नाव आलं. त्यांनी बोटाने पडदा वरखाली करून आईची गिऱ्हाइकं शोधली.

“न्हाई दिसत,” त्या म्हणाल्या. मग आईला बोलावून किल्ली तिच्याकडे सरकवली. “आता तुमी पासवर्ड टाका. मी बगत न्हाई.”

त्यांनी मान फिरवलीसुद्धा. पण आईच्या फोनवर आईचं नाव येईपर्यंत किल्लीवरचा हात काही काढला नाही.