फोटो बुटांसकटच पाठवला

मंडळी, आज डोकं फिरलंय. मी इंग्लंडच्या एका वेबसाइटसाठी आणि इथल्या एका पेपरसाठी फुटबॉलवर लिहितो. सकाळी जुळे सोलापुरातल्या शिवलीलाची मुलाखत घेतली. पोरगी गोलकीपर, नुकतीच राज्याच्या संघात निवड झालीय.

इंग्लंडहून संपादकाचा मेसेज आला, "अनवाणी फोटो मिळेल का?"

पोटासाठी विचारलं तिला. ती म्हणाली, "सर, बूट कशाला काढू? आईनं लई हौसेनं घेतलेत की."

फोटो बुटांसकटच पाठवला. तिकडचे म्हणाले, "वाचकांना भिडणार नाही." इकडचे म्हणाले, "क्रिकेट आहे, जागा नाही."

आत्ता शिवलीलाचा फोन आला होता. "सर, बातमी कुठल्या देशात येणार? आईला सांगायचंय."

तुम्हीच सांगा, काय सांगू?