लेकराच्या डोक्याले चिकटणारं तेल

खरं ठाऊक असून जो मुद्दाम गप्प बसतो, त्याला तुम्ही काय म्हणाल?

उमरेड रोडवर एस.टी. थांबते, तिथल्या चहाच्या टपरीवर असे एक सर मला रोज भेटतात. प्रयोगशाळेत ते उंदरांच्या नवजात पिल्लांचे मेंदू तपासतात. मेंदू घडताना त्यात चरबी तयार करणारी एन्झाइमं असतात आणि आई उपाशी राहिली की ती मंदावतात, हे त्यांनीच मला समजावलं. बोलणं हळू, समोरच्याच्या प्रत्येक वाक्यावर "अच्छा, अच्छा". चहावरची साय करंगळीनं काढून बशीच्या काठाला पुसायची सवय.

टपरीवाल्या वहिनी गरोदर आहेत. परवा सरांनी विचारलं, "जेवण कसं आहे?"

"अर्धीच भाकर खातो जी. तेल तर सोडलंच. लेकराच्या डोक्याले चिकटते ना!"

"अच्छा, अच्छा," म्हणत सर साय काढू लागले.

रस्त्यावर मी त्यांना अडवलं. "सर, त्यायले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं तर ती खायला लागेल. उंदरांत पाहतो तशी उपाशी आई इथं आयती पाहायला मिळून राहिली, काहून बिघडवू?"

मी उलटा फिरलो. "वैनी, तेल खा, पोटभर जेवा. बाळाचा मेंदू बनून राहिला आहे."

त्या हसल्या. "एवढे मोठे सर काही नाही बोलले, अन् तू मले शिकवून राहिला? किती बाळंतपणं झाली गा तुयी?"

माझं त्या ऐकणार नाहीत. वाचणाऱ्यांत कोणी लेकुरवाळी बाई असेल, तर तिनं उद्याच त्या टपरीवर जावं आणि सरांच्या देखत वहिनींना हे सांगावं.