ओके दाबून पुढं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण भीत भीत — खोटं कशाला बोलू?

परभणीतल्या एका कॉलेजात मी बांधकाम व्यवस्थापनाच्या पोरांना संगणकावर इमारत उभी करायला शिकवतो. खांब, तुळई, स्लॅब — पहिली वीट बसण्याआधी सगळं पडद्यावर. हा विषय गळ्यात पडला तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मास्तरानं तसं म्हणायचं कसं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

काम करताना पडद्यावर मधेच एक पिवळी चौकट येते. काहीतरी चुकतंय, असं सांगणारी. काय चुकतंय ते मला उमगायचं नाही. मग मी शिकवायचो — ओके दाबा, पुढं चला. जिंतूरकडच्या सुजातानं एकदा विचारलं, "सर, पण ते काय म्हणायलंय?"

"तुला कलेक्टर करायचं म्हणायलंय!" मी म्हणालो. वर्ग खदाखदा हसला. ती खाली बसली. पुन्हा तिनं वर्गात काही विचारलं नाही.

पुढं ती मानवतला एका मंगल कार्यालयाच्या बांधकामावर इंजिनिअर म्हणून लागली. एका दुपारी तिचा फोन आला. "सर, वरचा खांब खालच्या खांबावर बसत न्हाई म्हणून ती पिवळी चौकट दाखवायलीय. उद्या वरच्या खांबांत काँक्रीट भरायचंय. ओके करू का?"

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मला कळत नाही, थांब, जाणकाराला दाखव — एवढंच. जीभ रेटली नाही.

"कर," म्हणालो.

काही धोका नसेलही. असेलही. मला ठाऊक नाही — आणि विचारू कुणाला? विचारलं की सगळंच उघडं पडतं. मानवतची एसटी दिसली तरी मी तोंड फिरवतो. मी भितो. लय भितो.

परवा मेहुण्याच्या मुलीचं लग्न त्याच कार्यालयात होतं. वरच्या मजल्यावर पंगती, खाली अक्षतांची गर्दी. मी गरम होतंय म्हणून बाहेर खुर्ची टाकून बसलो. बायको आणि लेक आत, हॉलच्या मधोमध. लेकीनं हात करून बोलावलं. मी मानेनंच नको म्हटलं.

त्या दोघींना बाहेर बोलवायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

मी बोलावलं नाही.