स्लेड आणि काकांचा उजवा हात

जिममध्ये माणसं वजन कमी करायला येतात आणि किस्से वाढवून जातात. टेमघरला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, बंद शेडमध्ये मी जिम चालवतो, तिथले निम्मे किस्से स्लेडचे. स्लेड म्हणजे बिनचाकांची लोखंडी घसरगाडी. तिच्यावर वजनाच्या प्लेटा ठेवायच्या, तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि कोपरं उंच ठेवून तिला अडकवलेले दोन्ही पट्टे कानांपर्यंत ओढायचे. खांद्याला झकास व्यायाम!

*

अंजूरचे पंढरीकाका गोदामात लोडिंगला होते. ट्रकवरून पडले, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मुकादम त्यांच्याच गावचा, त्यांच्याच वयाचा. त्यानं काकांना गेटवर बसवलं. "हात वर गेला की ये आत."

"माझीच टोळी माझ्यासमोरून आत जाते आन् मी खुर्चीवर," काका मला बोलले. डोळे भरले होते. मग मीही मनावर घेतलं.

पहिल्या दिवशी सांगितलं, "काका, ही स्लेड त्या भिंतीपर्यंत न्यायची," आणि पट्टे आणायला गेलो. येऊन बघतो तर प्लेटा पलीकडच्या भिंतीशी नीट रचलेल्या, आणि स्लेड काकांच्या डाव्या खांद्यावर.

"कुठं उतरवू?"

*

निजामपुऱ्याचे सलीमभाई लूमवर ड्युटी करून येतात. काकांचं ओढणं बघत उभे होते.

"मास्टर, उधर से इधर लाया. अब?"

"अब वापस उधर."

"तो माल गया कहाँ?"

मी भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या माझ्या सर्टिफिकेटाकडे बघितलं. जन्मभर ओझी वाहिलेल्या माणसाला मी मुद्दाम ओझं देतोय आणि ते कुठंच पोचत नाहीये, हा विचार दोन दिवस डोक्यातून जाईना.

*

काका मधे थांबायचेच नाहीत. मी ओरडायचो, "दोन मिनिटं बसा हो, खांदा सुजेल."

"गाडी खाली झाल्याशिवाय कोन बसतंय? आमच्यात तसा न्हाय चालत."

आणि सुजलाच. आठवडा फुकट गेला, माझं टाळकं फिरलं. मग एकदाचं डोकं चाललं. सांगितलं, "काका, दहा वेळा ओढलं की एक गाडी खाली. मग चहा." त्या दिवसापासून काका दहाव्याला पट्टे सोडून मुकाट बाकावर बसायचे. चहाचा खर्च माझ्या अंगावर पडला, ते जाऊ दे.

*

पाच महिन्यांनी हात कानाला लागला. काका गोदामात जाऊन मुकादमासमोर उभे राहिले आणि उजवा हात सरळ वर केला. मुकादमानं बघितलं. "बरं. सोमवारपास्नं ये लोडिंगला."

काकांनी हात खाली घेतला नाही. "आता तुझा दाखव."

"माझा कशाला?"

"वरीस झाला बघतोय. टोपीपन डाव्या हातानं काढतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जिममध्ये आले ते मुकादमाला घेऊन. तो दाराशीच उभा, खाली मान घालून. काकांनी स्वतः स्लेडवरच्या प्लेटा उतरवल्या, एकच ठेवली, आणि माझ्याजवळ येऊन हळूच बोलले,

"मास्तर, याला दमानं घ्या. आन् आमच्या टोळीतला कोनी आला, तर सांगा, हा मला सोडायला आलाय."