वॉकमनचा नवा बेल्ट

जामखेडच्या स्टँडवर नगरची पहिली गाडी लागली, तेव्हा आबांनी गर्दीत घुसून खिडकीतून रुमाल टाकला आणि माझी जागा धरली. पेटी त्यांनीच आत चढवली. आई पदराने डोळे पुसत होती. धाकटा भाऊ विलास उगाचच गाडीची पाटी वाचत उभा होता. आबा खिडकीखाली आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिकडं उंटास्नी इंग्रजी शिकवनार व्हय रं?" आजूबाजूची माणसे हसली. मग ते हळू बोलले, "पत्राचं मला जमत न्हाई. टेप भरून धाडीन. तू बी बोलून धाड."

मी मस्कतला चाललो होतो, तिथल्या एका भारतीय शाळेत शिकवायला. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या वस्तीतून इतक्या लांब तोवर कोणी गेले नव्हते. लोक उसाच्या फडावर जात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येत. माझे कंत्राट दोन वर्षांचे होते.

आबा शाळेत शिपाई होते, पण तालुक्याला माहीत होते ते गळ्यासाठी. जयंतीच्या दिवसांत त्यांची गायन पार्टी गावोगाव फिरे. त्यांचा आवाज भरदार होता, घागरीतून आल्यासारखा. मी गेल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी त्यांची कॅसेट येई. एका बाजूला बोलणे, दुसऱ्या बाजूला गाणी. नगरला सावेडीत माझ्या एका सहकाऱ्याचे घर होते. विलास कॅसेट तिथे पोचवी आणि सुट्टीवरून परतणारा कोणी ती माझ्यापर्यंत आणी.

पहिल्या पगारातून मी वॉकमन घेतला होता. स्कूल बसच्या खिडकीबाहेर तपकिरी डोंगर, ज्यांच्यावर गवताची काडी नाही, आणि कानात आमचे अंगण: कोंबड्या, शेजारच्या कुकरची शिट्टी, मधूनच आईचे "त्याला इचारा, जेवतो का येळेवर". नवी कॅसेट आली की मी तीच ऐके, जुन्या डब्यात ठेवी. उत्तर म्हणून खोलीतल्या मित्राच्या टेपवर माझी कॅसेट भरून पाठवी. पहिल्या सुट्टीत घरी जाऊन आलो, कंत्राट वाढवले, पुन्हा तेच सुरू झाले.

दुसरे कंत्राट संपत आले असताना निरोप आला, आबा गेले. मी पोचलो तेव्हा जलदान विधी चालू होता. वंदनेला सगळी वस्ती बसली होती. छातीत कळ आली आणि गेले, असे मला विलासने सांगितले, आईने सांगितले, पार्टीतल्या पेटीवाल्या काकांनीही सांगितले. सगळ्यांचे शब्दसुद्धा तेच होते. मला ते तेव्हा खटकले नाही.

मस्कतला परतलो तेव्हा मला एकच गोष्ट ऐकायची होती, आबांची शेवटची कॅसेट. ती मी एकदाच ऐकली होती. पुढच्याच आठवड्यात वॉकमन बंद पडला होता. खोलीतल्या टेपवर ती लावता आली असती, पण तीन माणसांसमोर, एसीच्या घरघरीत, मला आबा ऐकायचे नव्हते.

तिथल्या रुवी भागातल्या बाजारात घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करणारा एक केरळी गृहस्थ होता. त्याने वॉकमन उघडला, चिमट्याने आतला रबरी पट्टा उचलून दाखवला आणि म्हणाला, "मास्टरजी, ये बेल्ट नहीं, हलवा है. बहुत दिन से स्लो चल रहा होगा."

मी म्हणालो, स्लो वगैरे काही नव्हता, नीट चालत होता.

"आप भी साथ में स्लो हो गए, तो पता कैसे चलेगा?" तो हसला. नवा बेल्ट बसवून त्याने वेग जुळवून दिला.

संध्याकाळी मी समुद्राकाठच्या बाकावर बसलो आणि कॅसेट लावली.

"लेकरा, मी बरा हाय," असे कानात आले. आवाज बारीक होता. मग गाणे सुरू झाले आणि अर्ध्या ओळीत श्वास तुटला. असा श्वास आमच्या घरात एकाचाच तुटे. लहानपणी आबा त्याला ओरडत, "आधी वळ पुरी कर, मंग मर!" तो विलास होता. सैल पडलेल्या बेल्टवर फीत हळू फिरत होती, म्हणून त्याचा गळा जड होऊन आबांचा वाटला होता.

खोलीवर जाऊन मी डब्यातल्या सगळ्या कॅसेट क्रमाने लावल्या. पहिल्या सगळ्या आबांच्या. पण शेवटच्या वर्षातली एकही आबांची नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन बूथमधून जामखेडला, शेजारच्या दुकानात फोन लावला. विलास आला. मी एवढेच विचारले, "टेपमध्ये कोण आहे?"

तो बोलला, "दादा, आबाच्या गळ्यात गाठ हुती. आपरेशन झालं, नळी घातली. वर्षभर आवाजच न्हवता रं."

"मला का नाही सांगितलं?"

"आबानीच खुणा करून सांगितलं, त्याला कळू द्यायचं न्हाई. नोकरी सोडून पळत येईल म्हून." एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबवेना. आबा समोर बसून त्याच्याकडून आवाज बसवून घेत. चुकला की आपल्या मांडीवर थाप मारत, पुन्हा पहिल्यापासून. आईला हसू आवरत नसे, ती तोंडात पदर कोंबून बसे. "तुझी टेप आली ना दादा, 'आबा, तुमचा आवाज अजून तसाच आहे' म्हनलास, तवा आबा लई हसलं. माझ्या पाठीत धपाटा घातला, पास झाला म्हून."

मग आई फोनवर आली. "तुला सांगून काय केलं असतंस, बाळा? तिकडं एकला रडला असतास."

"इथं आताही एकटाच रडतोय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या वर्षी मी त्यांच्याशी किती बोललो! शाळेतल्या गमती सांगितल्या, गाण्यांची फर्माईश केली. एका मुक्या माणसाला मी गा म्हणत होतो, आणि तो ऐकत बसला होता, आणि सगळ्यांना ठाऊक होते. घर तेव्हा एकत्र होते. दुखणे एकत्र, पथ्य एकत्र, हसणेसुद्धा. बाहेर मी एकटा होतो.

त्या कॅसेटी मी पुन्हा ऐकल्या. विलासच्या गाण्यात एका जागी थाप येते. गाणे थांबते, परत सुरू होते. शेवटच्या वर्षातले माझ्या वडिलांचे एवढेच माझ्याजवळ आहे, आणि तेही मला फसवायच्या कामातले. ते पुसवत नाही आणि ऐकवत नाही.

आई हल्ली फोनवर म्हणते, "समदं बरं हाय हितं." मी बरं म्हणतो. सुट्टीत गेलो की ती खाटेवर नवे अंथरूण टाकते, ठेवणीतले ताट काढते, विलास माझी बॅग उचलतो. तुमच्यापैकी जे लांब गेलेत त्यांनी हे ताट पाहिले असेल. जे मागे राहिलात त्यांनी ते मायेनेच मांडले असेल, हेही मला कळते. पण आमच्याकडे पाहुण्यासमोर घरातले दुखणे काढायची रीत नाही, आणि मी त्या ताटावर जेवून उठतो तेव्हा मला घरात काय दुखते आहे ते कळलेले नसते.